प्रभुभोजनाची भांडी

जयवंत वाघचौरे घाटकोपरच्या एका शाळेत पीटीचे शिक्षक होते. पंतनगरात सगळे त्यांना सर म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. पन्नाशी उलटली तरी पोट सुटलेलं नव्हतं. पहाटे मैदानाला फेऱ्या मारून यायचे, गार पाण्यानं अंघोळ करायचे आणि मग घरातली बाकीची माणसं उठायची. बाकीची म्हणजे दोनच, बायको वनमाला आणि मुलगा माणिक.

त्यांची मंडळी लहान होती. नगर, राहुरी, जालना अशा ठिकाणांहून पोटासाठी मुंबईला आलेली काही ख्रिस्ती कुटुंबं. स्वतःचं चर्च नव्हतं. रविवारी सकाळी एका शाळेचा हॉल मिळायचा. जाऊन बाक लावायचे, उपासना करायची आणि बाक होते तसे ठेवून निघायचं. ही व्यवस्था सरांकडे होती. ते मंडळीचे पंच होते. प्रभुभोजनाची भांडीही त्यांच्याच घरी असायची. चांदीचा मुलामा दिलेला मोठा पेला, भाकरीचं ताट आणि छोटे पेले ठेवायची गोल थाळी. एका मिशनरी मडमेनं कधीकाळी गावाकडच्या एका चर्चला दिलेली ती भांडी पुढं या मंडळीकडे आली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर ती पांढऱ्या कापडात बांधून स्वतः घेऊन यायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

सरांची प्रार्थना ऐकण्यासारखी असायची. आवाज खणखणीत, शब्द एकामागून एक नीट. कुणाला नोकरी लागावी, कुणाचं ऑपरेशन पार पडावं, कोणतं काम कधीपर्यंत व्हावं, हे ते देवाला क्रमानं सांगत. मंडळीतल्या आयांना त्यांचा मोठा आधार वाटायचा. पोरगा अभ्यास करत नाही, उलटं बोलतो, असं झालं की त्या त्याला सरांकडे आणून बसवत. सर त्याला पहाटे मैदानावर बोलवत. महिनाभरात पोरगा सरळ येई. सरांना त्याचं नवल वाटत नसे. घरात शिस्त असली की मुलं बिघडत नाहीत, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते कुठंही सांगत.

एकदा त्यांनी ते पंचांच्या बैठकीत सांगितलं. प्रेमा साळवे ही विधवा बाई म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया होती आणि रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायची. तिचा मुलगा नंदू गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढायला लागला होता. सर म्हणाले, जिला स्वतःचं एक मूल सांभाळता येत नाही, तिच्या हाती मंडळीची मुलं कशी द्यायची? ते रागानं बोलले नव्हते, नियम वाचून दाखवावा तसं बोलले होते. पाळक भाऊराव अमोलिक यांनी थोडी चुळबुळ केली, पण सरांपुढं कुणी बोललं नाही. प्रेमानं वर्ग सोडला. पुढच्या पावसाळ्यानंतर नंदू गेला. त्याच्या मातीची सगळी व्यवस्था सरांनीच केली आणि त्यात काही उणं राहू दिलं नाही. प्रेमा त्यानंतरही दर रविवारी येत राहिली. शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळ्यांबरोबर सलाम करून निघून जायची.

सरांच्या घरची गोष्ट सत्त्याऐंशी सालची. माणिक तेव्हा वीस वर्षांचा होता. मुलुंडला आयटीआयचा फिटरचा कोर्स करून तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला होता. पहिल्यांदा लक्षात आलं ते वनमालाच्या. मुलगा वाळत चालला होता. बाथरूममध्ये गेला की लवकर बाहेर येत नसे. चहात साखरेवर साखर घालायचा आणि जेवायला बसला की दोन घास खाऊन उठायचा. एक दिवस त्याची पँट धुवायला घेतली, तर खिशात सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे तुकडे निघाले. कागद एका बाजूनं काळे पडले होते.

तिनं ते सरांपुढं ठेवले. सरांनी वास घेतला, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले की सिगारेट ओढत असेल, बोलतो मी त्याच्याशी. ते त्याच्याशी बोलले. माणिकनंही सिगारेट कबूल केली, सुटल्यासारखी कबूल केली. सरांनी त्याला शपथ घ्यायला लावली आणि विषय संपवला.

मग कारखान्यातून निरोप आला की पोरगा कित्येक दिवस कामावरच येत नाही. तो डबा घेऊन रोज घरातून निघत होता. त्या संध्याकाळी सरांनी त्याला समोर उभं करून विचारलं, आणि माणिक खाली बघत म्हणाला, "गर्द आहे पप्पा. सुटत नाही."

सरांनी आधी दार लावून घेतलं. मग त्यांनी वनमालाला बजावलं की हे या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. पाळकांना नाही, शेजारी नाही, तिच्या भावालाही नाही. "माझा मुलगा आहे. मी त्याला बरा करीन. आपलं आपण बघू."

त्यांनी शाळेत रजा टाकली. मंडळीत सांगितलं की माणिकला कावीळ झाली आहे, त्याला कुणी भेटायला येऊ नका. आतल्या खोलीच्या खिडकीला जाळी ठोकून घेतली, दाराला बाहेरून कडी लावली आणि स्वतः दारापाशी खुर्ची टाकून बसले. पुढचे दिवस वाईट गेले. गर्द ओढणारी पोरं त्याला टर्की म्हणतात. हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात काही राहत नाही. माणिक ओरडायचा, मग रडायचा, मग आईला हाका मारायचा. सर आत जाऊन त्याचं अंग पुसायचे, कपडे बदलायचे, लिंबूपाणी पाजायचे आणि बाहेर येऊन पुन्हा कडी लावायचे. ते डगमगले नाहीत. आठवड्याभरात पोरगा उठून बसला. भात मागून खाल्ला. सर त्याला पहाटे मैदानावर न्यायला लागले. आधी चालवलं, मग पळवलं. माणिकच्या चेहऱ्यावर रंग आला.

त्या रविवारी सरांनी उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले. आजार कोणता ते सांगितलं नाही. शिस्त आणि प्रार्थना असली की घरावर कोणतंही संकट टिकत नाही, असं म्हणाले. मंडळी आमेन म्हणाली. वनमाला खाली मान घालून बसली होती.

महिना झाला नाही तोच माणिकनं परत सुरुवात केली. सर त्याला न्यायला-आणायला कारखान्यापर्यंत जात होते, तरी केली. दुपारच्या सुट्टीत गेटबाहेर एक मुलगा येऊन देऊन जायचा. सरांनी पुन्हा रजा काढली, पुन्हा कडी लावली. या वेळी माणिक जाळी उचकटून पहिल्या मजल्यावरून पाइप धरून उतरला आणि गेला. दोन दिवसांनी आला तो अंगावर दुसऱ्याचा शर्ट घालून. सरांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्यानं मारलं. माणिकनं हात वर केला नाही की आवाज केला नाही, आणि त्यामुळे सरांना ते मारणं पुढं फार दिवस आठवत राहिलं.

वनमाला म्हणाली, पाळकांना सांगू या. कुणीतरी वाट दाखवेल. सरांनी नकाराची मान हलवली. लोक काय म्हणतील हे त्यांनी उच्चारलं नाही. ते म्हणाले की पाळकांना यातलं काय कळतंय.

"आपल्याला तरी काय कळतंय हो?" वनमाला म्हणाली.

आणि मग एका शनिवारी सकाळी, दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन म्हणून भांडी घासायला काढावीत, तर कपाटात नुसतं पांढरं कापड होतं. घडी तशीच. माणिक घरात नव्हता.

सर चपला घालून तडक बाहेर पडले. स्टेशनच्या बाजूला भंगारवाल्यांची रांग होती, तिथं प्रत्येक दुकानात विचारलं. मग कुर्ल्याला गेले. पितळ, तांबं, मोडके पंखे, कुणाकुणाच्या घरातले हंडे, असल्या ढिगांपुढं उभं राहून ते विचारत होते की सकाळी कुणी चांदीसारखा पेला आणि गोल थाळी आणली का. माणसं नाही म्हणायची. एकानं विचारलं, चोरीचा माल आहे का, पोलिसांत का नाही जात? सर तिथून निघाले. दुपारभर ते असेच हिंडले आणि हिंडता हिंडता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट तयार झाली. घरफोडी झाली असं सांगायचं. कपाटाचं कुलूप तुटलं म्हणायचं. कुलूप घरी गेल्यावर तोडता येईल. लोक हळहळतील, नवीन भांडी येतील, प्रश्न मिटेल. घर जवळ येईपर्यंत त्यांनी कुणी काय विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवलं होतं.

त्यांनी हे वनमालाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले आणि शांतपणे म्हणाली की प्रभूच्या मेजापाशी बसून ती खोटं ऐकून घेणार नाही. सरांना जे सांगायचं ते त्यांनी सांगावं, ती उठून खरं बोलेल. मग तिनं पदर सारखा केला आणि कुठं जाते ते न सांगता बाहेर पडली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ती अशी कधी गेली नव्हती.

दिवेलागणीला ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर प्रेमा साळवे होती. ड्युटीवरून थेट आली असावी, अंगावर अजून प्रसूतिगृहाची निळ्या काठाची साडी होती. सर खुर्चीतून उठले. वनमालानं सगळं सांगितलं आहे, हे प्रेमाच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

"सलाम सर," प्रेमा म्हणाली. "कुठाय?"

"सगळी दुकानं पाहिली," सर म्हणाले. "कुर्ल्यापर्यंत जाऊन आलो. कुठंच नाहीत."

"भांडी नाही विचारली मी. माणिक कुठाय?"

सकाळपासून सर इतके फिरले होते, इतक्या माणसांशी बोलले होते, पण आपला मुलगा कुणी पाहिला का, हे त्यांनी एकालाही विचारलं नव्हतं. ते पुन्हा खुर्चीत बसले. "माहीत नाही," ते म्हणाले.

प्रेमानं त्यांना जास्त वेळ बसू दिलं नाही. म्हणाली, उठा, काळोख दाट व्हायच्या आत जाऊ. ही पोरं कुठं बसतात ते मला माहीत आहे.

दोघं निघाले. वनमाला घरी थांबली, माणिक आला तर दार उघडं हवं म्हणून. प्रेमा पुढं चालत होती. सगळ्या जागा तिच्या पायाखालच्या होत्या. कोणत्या गल्लीत शिरायचं, कुठल्या पानवाल्याला विचारायचं, कोणाला विचारून उपयोग नाही, हे तिला ठाऊक होतं. पानवाले तिला ओळखत होते. एकानं माणिकचं वर्णन ऐकून हातानं दिशा दाखवली. सरांच्या लक्षात आलं की नंदूसाठी ही बाई असंच वर्ष-दीड वर्ष फिरली असणार, एकटी, आणि त्या दिवसांत आपण तिच्याकडून वर्ग काढून घेतला होता.

चालता चालता त्यांनी विचारलं, "प्रेमाबाई, तुम्ही नंदूसाठी एवढी प्रार्थना केलीत. तरी तो गेला. मग आता कशाच्या जोरावर करता?"

एका हातगाडीला वाट देऊन पुढं झाल्यावर म्हणाली, "मला तरी कुठं कळतंय सर. आधी मी देवाला बजावायचे, याला बरा कर, नाहीतर बघ. मग पोरगाच गेला. बजावायला काही राहिलं नाही. तरी सकाळी उठले की त्याच्यापाशीच जाऊन बसावंसं वाटतं. तो मला सोडून गेला नाही, एवढं कळतं. बाकीचं तो सांगेल तेव्हा."

सर तिच्या मागोमाग चालत राहिले.

शहराला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळांच्या कडेला, एका पडक्या भिंतीच्या आडोशाला पाच-सहा जण बसले होते. त्यांत माणिक होता. भिंतीला टेकून बसलेला, गुडघे छातीशी घेतलेले. बापाला बघून तो दचकला आणि भिंतीत आणखी शिरला. उठून पळण्याइतकी ताकद नव्हती.

"पप्पा, इथं मारू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. तुमची इज्जत जाईल."

पोरगा या अवस्थेतही बापाची इज्जत सांभाळत होता. ती सांभाळायला त्याला कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती. सर त्या घाणीत त्याच्यासमोर उकिडवे बसले. बाकीची पोरं बघत होती, नळांवरून चालणारी दोन माणसंही थांबून बघत होती.

"मारायला नाही आलो," सर म्हणाले. "तुला न्यायला आलोय. माझ्याच्यानं तुझं काही झालं नाही, माणिक. माझ्या हातात नाही हे. आपण दुसऱ्यांना विचारू."

माणिक त्यांच्याकडे बघत राहिला. बापाच्या तोंडून असं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग प्रेमानं त्याच्या काखेत हात घातला, सरांनी दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि त्याला मध्ये घेऊन ते घरी आले. जिन्यात शेजारची बाई दार उघडून उभी होती. सरांनी तिच्याकडे बघून ओळखीचं हसत मान हलवली आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली तेव्हा मेजावर काही नव्हतं. पाळकांनी सरांकडे पाहिलं. सर उठून पुढं आले. नेहमीसारखे ताठ उभे होते, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"प्रभुभोजनाची भांडी माझ्या घरातून गेली," ते म्हणाले. "माझ्या मुलानं ती विकली. तो गर्द ओढतो. मी तुम्हाला कावीळ सांगितली होती, ते खोटं होतं. मला वाटलं होतं, मी एकटा त्याला बरा करीन. मला ते जमलं नाही. मंडळीनं त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि काय करायचं ते आम्हाला सांगावं." ते थांबले. मग मागच्या बाकाकडे बघून म्हणाले, "प्रेमाबाईंकडून मी वर्ग काढून घेतला होता. मला त्यातलं काही माहीत नसताना, माहीत असल्यासारखा बोललो. त्यांची मी माफी मागतो."

एक म्हातारा पुटपुटला की असल्या पोराला पोलिसांत द्यायला पाहिजे. पाळक भाऊराव उठले आणि म्हणाले, आपण आधी प्रभूची प्रार्थना करू. सगळे उभे राहिले. ही प्रार्थना सरांनी हजारदा म्हटली असेल, न अडखळता. त्या दिवशी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य आलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. आजवर त्यांनी आपल्या इच्छा देवाला सांगितल्या होत्या आणि त्यालाच प्रार्थना म्हटलं होतं. आज पहिल्यांदा ते वाक्य त्यांना कळलं आणि कळल्यावर त्याची भीती वाटली. मंडळी म्हणत राहिली. शेवटच्या आमेनला त्यांचा आवाज पुन्हा त्यात मिसळला.

शाळेच्या मागेच राहणाऱ्या एका कुटुंबाकडून स्टीलचं ताट आणि फुलपात्री आणली गेली. प्रभुभोजन त्यांत झालं.

सगळं एकदम गोड झालं असं नाही. सरांनी पंचपदाचा राजीनामा दिला आणि तो लगेच मंजूर झाला. इतका लगेच की वनमालाला वाईट वाटलं. दोन-तीन घरच्या मुलांचं मैदानावर येणं बंद झालं. सरांना ते लागायचं, आणि लागतंय हे ते वनमालाशी बोलूनही दाखवायला लागले. पण त्याच आठवड्यात पाळक घरी आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या ओळखीचा एक माणूस आला. वसईच्या पुढं गर्दवाल्या मुलांसाठी एक केंद्र चालत होतं. मुलाची तयारी असेल तर घेऊ, पण आई-बापांनी गेटपाशी सोडून जायचं आणि ते बोलावतील तेव्हाच यायचं. मधे चिठ्ठी नाही, निरोप नाही.

सरांना हे जड गेलं. आपण रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून जे केलं, ते परक्यांच्या हाती कसं द्यायचं? पण माणिक स्वतः म्हणाला की जातो.

केंद्र म्हणजे नारळीच्या वाडीतली दोन कौलारू घरं होती. तिथल्या कामाची देखरेख दत्ताराम नावाचा एक मालवणी माणूस करायचा. काटकुळा, चाळिशीचा. तो स्वतः त्यातून गेलेला होता. त्यानं माणिकची पिशवी घेतली. सर त्याला सांगायला लागले की याला पहाटे उठवा, पळायला लावा, सुरुवातीला भात देऊ नका, आणि याचा एक दात दुखतो, त्याचं जरा बघा. दत्तारामनं सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाला, "सर, आता तुमी घराक जावा. हंय आमी आसव."

माणिक आत गेला. मागं वळून पाहिलं की नाही, ते सरांना दिसलं नाही, कारण त्यांनी डोळे मिटले होते. परत येताना एसटीच्या थांब्यावर बाकडं होतं, त्यावर नवरा-बायको बसली. बस यायला वेळ होता. वनमाला म्हणाली, प्रार्थना करा. सरांनी मान खाली घातली. नेहमीचे शब्द येईनात, यादी येईना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "प्रभू, तो तुझा आहे. आम्हीही तुझेच. तू बघ." वनमालानं डोळे पुसले आणि आमेन म्हटलं.

माणिक पावसाळा संपता संपता परत आला. अंग भरलं होतं, बोलणं कमी झालं होतं. नाताळात तो मंडळीबरोबर घरोघर गाणी म्हणत फिरला. ईस्टरच्या सुमारास पुन्हा घसरला. सरांनी दाराला कडी लावली नाही. त्यांनी त्याला जेवायला वाढलं आणि विचारलं, आता काय करू या? दुसऱ्या दिवशी माणिक आपणहून पिशवी भरून दत्तारामकडे गेला, एकटा. त्यानंतर मात्र तो टिकला. केंद्रातल्या ओळखीनं त्याला दहिसरला चेकनाक्याजवळ एका गॅरेजमध्ये काम मिळालं.

मंडळीनं प्रेमाला पुन्हा वर्ग घ्यायला सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून ती आधी नको म्हणाली, मग बारक्या पोरांना गाणी तेवढी शिकवीन म्हणाली. सरांना पुढं परत पंच व्हा म्हणून विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की दुसरा कुणी मिळाला नाही तर बघू. कुणाच्या घरी मुलाची काळजी असली की आया अजूनही त्यांच्याकडे येतात. ते मैदानाचं काही सांगत नाहीत. काय झालंय ते विचारतात, ऐकून घेतात आणि प्रार्थना करतात. प्रार्थना फार लहान असते. एक-दोघींना ते आवडलं नाही, त्यांना पूर्वीचे सर बरे वाटायचे.

काळजी संपली म्हणावं तर तीही नाही. एकोणनव्वदच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. माणिक सातपर्यंत घरी यायचा, तो साडेआठ झाले तरी आला नव्हता. वनमाला मटार सोलत बसली होती आणि दोन शेंगा सोलल्या की घड्याळाकडे बघत होती. पूर्वी सर एव्हाना बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले असते. त्यांच्या मनात आलंही. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, मग वळून तिच्यासमोर पाटावर बसले आणि त्यांनी थोड्या शेंगा आपल्यापुढं ओढून घेतल्या.

"तुम्हाला काळजी नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटते ना," सर म्हणाले. "पण मी तिथं जाऊन काय करणार? प्रभू आहे त्याच्याबरोबर."

दोघं शेंगा सोलत राहिले. दाणे संपत आले तेव्हा जिन्यात पावलं वाजली. माणिक आला. हाताला ग्रीस होतं. एक टेम्पो अडकून पडला होता म्हणाला, मालकानं थांबवून घेतलं. सरांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही, जवळ जाऊन वास घेतला नाही. ते म्हणाले, हात धू, भूक लागली असेल. वनमालानं मटार टोपात टाकले आणि गॅस मोठा केला.